भाऊंची आई : काला अंबचे एक गीत

दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरांवर पानिपत, आणि शहराबाहेर थोड्या अंतरावर काला अंब. येथे पूर्वी आंब्याचे एक झाड होते व रणात सांडलेल्या रक्ताने त्याची फळे काळवंडली, अशी लोककथा आहे. झाड केव्हाच गेले; आता तेथे स्मारकस्तंभ आहे. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१, हा दिवस आम्हां मराठी माणसांना नव्याने सांगावा लागत नाही. नोकरीनिमित्त राजधानीत आलेले आम्ही एकदा तरी येथे येतो, हात जोडतो आणि 'असे का झाले?' हा जुनाच प्रश्न मनाशी घोळवीत परततो.

या प्रश्नाचे उत्तर आम्ही बखरींत, पत्रांत आणि त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या व्यासंगी इतिहासकारांच्या ग्रंथांत शोधीत आलो आहोत. परंतु जेथे ही लढाई झाली, तेथील लोकांनीही ती जतन केली आहे, आणि तीही गाण्यात. हरियाणातील खेड्यांत सारंगीवर गोपीचंद-भर्तृहरीच्या कथा गाणारे जोगी असत. गाता गाता थांबावयाचे, कथेचा धागा बोलून उलगडावयाचा आणि पुन्हा सूर धरावयाचा, ही त्यांची रीत आमच्या शाहिरांच्या रीतीहून फारशी निराळी नाही. इंग्रजी अमदानीतील कर्नाल जिल्ह्याच्या गॅझेटिअरात अशी नोंद आहे की, हे जोगी पानिपतच्या संग्रामाचेही गीत गात. आणि त्या गीतात भाऊची आई पुत्राला विनविते की, गिलच्यांशी लढावयास जाऊ नकोस. 'गिलचा' हा शब्द आमच्या बखरींतही आहे, हे वाचकांस ठाऊक असेलच.

येथे इतिहासाचा अभ्यासक थबकतो. सदाशिवरावभाऊंचा जन्म ऑगस्ट १७३० मधला. त्यांची आई रखमाबाई त्याच महिन्याच्या अखेरीस वारली. महिन्याचेही न झालेले ते मूल आजी राधाबाईंच्या मायेत वाढले. १७४० साली पिता चिमाजी आप्पा गेले, १७५३ साली राधाबाईही गेल्या. म्हणजे १७६० साली भाऊ उत्तरेच्या स्वारीवर निघाले, तेव्हा त्यांना अडवावयास ना आई होती, ना आजी.

मग जोगी खोटे गातो काय? आमच्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. पराभवाची वार्ता दक्षिणेत पोहोचविणाऱ्या त्या प्रसिद्ध सावकारी पत्रात दोन मोती गळाल्याचा, सत्तावीस मोहरा हरपल्याचा आणि खुर्द्याची तर गणतीच नसल्याचा हिशेब आहे. तो खुर्दा म्हणजे हजारो घरांतले मुलगे. कागदाने त्यांची गणती सोडून दिली. गीताने मात्र एक आई दारात उभी केली. ती रखमाबाई नव्हे, हे खरे. पण त्या खुर्द्यातल्या प्रत्येकाच्या घरी ती होतीच.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १७६० च्या अखेरीस दोन्ही फौजा पानिपतच्या परिसरात सुमारे अडीच महिने समोरासमोर तळ देऊन होत्या. दाणावैरणीची टंचाई मराठी छावणीला भोवली. आसपासच्या खेड्यांचे हाल त्याहून कमी झाले नसतील. त्या खेड्यांनी परमुलखातल्या सेनापतीला शिव्याशाप दिले असते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी त्याला आई दिली. पराभूताचा असा सन्मान इतिहासात विरळाच.

जोग्यांची ही परंपरा आता क्षीण झाली आहे. जे गीत कागदावर नाही, ते गाणाऱ्याबरोबर जाते, आणि त्यामागची कथा तर त्याच्याही आधी जाते. पुण्याच्या संशोधकास येथवर येणे कठीण. आम्हां दिल्लीकरांस एक सुटी पुरते आणि भाषेचीही अडचण नाही. स्तंभाला हार घालून झाल्यावर जवळच्या एखाद्या गावात जावे, भाऊचे गीत कोणाच्या कंठात उरले आहे काय, हे विचारावे, आणि जे मिळेल ते कथेसह टिपून ठेवावे. त्या आईचे हे देणे आमच्याकडे लागते.