रक्ताच्या थेंबात कर्करोग शोधताना

जबलपूर जिल्ह्यातील बरगी हे नर्मदेवरील धरणामुळे ओळखले जाणारे गाव. अशा गावातून रक्ताचा नमुना शहरात पाठवणे सोपे. जठरात दुर्बीण घालून पाहायचे, तर रुग्णालाच प्रवास करावा लागतो. रक्ताच्या चाचणीनेच जठराचा कर्करोग ओळखता यावा, ही आशा म्हणूनच मोहक वाटते.

१९६५ साली माँट्रिअल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्यातील कर्करोगाच्या ऊतकाची त्याच रुग्णाच्या निरोगी ऊतकाशी तुलना केली. युक्ती साधी, पण देखणी: दोन्हींत जे सामाईक, ते वगळायचे. उरलेला पदार्थ गर्भाच्या आतड्यातही आढळला, म्हणून त्याला कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन, म्हणजेच सीईए, हे नाव मिळाले. १९६९ मध्ये तो रक्तात मोजता आला आणि आतड्याच्या कर्करोगाच्या जवळजवळ सर्व तपासलेल्या रुग्णांत सापडला. कर्करोगाची चाचणी हाती आली, असेच तेव्हा वाटले.

तसे झाले नाही. धूम्रपान करणाऱ्यांत आणि यकृताच्या विकारांतही सीईए वाढतो. आरंभीच्या कर्करोगात मात्र तो बहुधा वाढतच नाही. १९७९ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत हिलरी कोप्रोव्स्की यांच्या गटाने सीए १९-९ शोधला. गंमत अशी, की लुईस नावाचे रक्तगट-प्रतिजन ज्यांच्या शरीरात घडतच नाही, त्यांच्यात हा मार्करही तयार होत नाही. रोग बळावला तरी आकडा तळाशीच. पुढे आलेला सीए ७२-४ जठराच्या बाबतीत तुलनेने नेमका. पण आरंभी तोही बहुधा मूकच.

केवळ समजण्यासाठी एक हिशेब मांडू. १०,००० लोकांपैकी १० जणांना कर्करोग आहे. चाचणी त्यांतील ३ जण ओळखते आणि निरोगी लोकांपैकी ५ टक्क्यांना चुकून रोगी ठरवते. म्हणजे ३ खऱ्या रुग्णांमागे सुमारे ५०० जणांना विनाकारण धास्ती, आणि ७ जणांना खोटा दिलासा. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये सीईए सहज घातलेला दिसतो, ते मला म्हणूनच खटकते. तो खोटा दिलासा सर्वांत महागात पडणारा.

मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा वाहणारे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आणि त्यासोबत रुग्णाच्या सवयींचाही माग घेत. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. जठराच्या कर्करोगाचे निदान आजही ऊतकावरच ठरते: एंडोस्कोपी करायची, तुकडा काढायचा, तपासायचा.

मग मार्कर कशासाठी? शस्त्रक्रियेपूर्वी वाढलेला आकडा नंतर खाली येतो; काही महिन्यांनी तो पुन्हा चढू लागला, तर रोग परतल्याची शंका घेऊन पुढच्या तपासण्या करता येतात. येथे बरगीतून पाठवलेला रक्ताचा नमुना खरोखर उपयोगी पडतो. मात्र वजन घटत असेल, अपचन हटत नसेल किंवा शौचास काळी होत असेल, तर मार्करचा अहवाल सामान्य असूनही जबलपूर गाठून जठराची तपासणी करून घ्यावीच लागते.