अंगणवाडीतली मुलं किती वेळ बसून असतात? ते ठरतं कशावर?

तीन-चार वर्षांचं मूल एका जागी शांत बसलं की आपण त्याला गुणी म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब वेगळा आहे. २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या वयाच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी, म्हणजे पळापळी, उड्या वगैरे. सलग फार वेळ त्यांना बसवून ठेवू नये, असंही त्यात म्हटलंय.

मग भोर आणि वेल्ह्यातल्या (म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या) अंगणवाडीत हे कसं जमायचं?

पहिला अडथळा पावसाचा. तोरणा-राजगडच्या पायथ्याला किंवा भोरच्या पश्चिमेला, वरंधा घाटाच्या बाजूला, जूननंतर अंगण चिखलाचं होतं. मुलं आत येतात, आणि खोली एकच असेल तर तिथेच आहार, तिथेच वजनकाटा, तिथेच गाणी. पळायला जागा उरत नाही, त्यामुळे सतरंजी अंथरून बसवणं हाच सोपा मार्ग असतो. मूल घराबाहेर असलं की जास्त हलतं, हे बालवाड्यांवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

पण सगळा दोष पावसावर टाकता येत नाही. अमेरिकेत रसेल पेट आणि सहकाऱ्यांनी ९ बालवाड्यांमधल्या मुलांची हालचाल मोजली होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मूल कोणत्या बालवाडीत जातं, यावरही त्याची हालचाल अवलंबून असल्याचं दिसलं. थोडक्यात, ‘आमचा पोरगा मुळातच चळवळ्या’ हे अर्धंच उत्तर आहे.

दुसरा मुद्दा हातांचा. मूल बाहेर सोडायचं तर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. डोंगरी भागात १५० ते ३०० लोकवस्तीसाठी मिनी अंगणवाडीचा निकष होता आणि तिथे मदतनीस नसायची. वाड्या-वस्त्यांवर एकटी सेविका मुलांना शिकवणार, आहार वाटणार, रजिस्टर भरणार आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर नोंदीही करणार. अशा वेळी मुलं बसलेली असणं तिच्यासाठी सुरक्षित असतं. मला यात तिचा आळस दिसत नाही.

तिसरं कारण घरातून येतं. शेजारच्या गावातली इंग्रजी माध्यमाची नर्सरी वहीभर अक्षरं गिरवून घेते, मग ‘अंगणवाडीत नुसतं खेळवतात’ अशी तक्रार होते. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तर खेळ हीच शिकवण्याची पद्धत मानली आहे.

गंमत म्हणजे ‘अंगणवाडी’ या शब्दातच अंगण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. बालवाडीत न येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्या पाड्यावरच्या अंगणात गेल्या. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. देशात एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, म्हणजे त्यानंतर तीस वर्षांनी.

आज अंगणवाडीत काय बदलता येईल? चेंडू, टायर, दोरी अशा हलवता येणाऱ्या वस्तूंनी आणि मोठ्यांनी स्वतः खेळ सुरू केल्याने फरक पडतो. पावसात आतच हावभावाची गाणी, बेडूकउड्या, गाडी-गाडी घेता येते. अंगणावर पत्र्याची शेड टाकायचा विषय मात्र ग्रामसभेत पालकांनीच काढावा लागेल. आणि संध्याकाळी घरी आलेल्या मुलाला ‘आज काय लिहिलं?’ याऐवजी ‘आज काय खेळलास?’ असं विचारून बघा.