जिन्याची साक्ष

वसईतल्या चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायला जे साधन वापरतात, त्याला लॅटिनमध्ये ‘अस्परजिलम’ म्हणतात. फ्लॉरेन्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर अँतोनिओ मिकेली यांना सूक्ष्मदर्शकाखाली एक बुरशी याच आकाराची दिसली. १७२९ साली त्यांनी तिला ‘अस्परजिलस’ हे नाव दिले. तेव्हा वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडेच होता. चिमाजी अप्पांचा विजय अजून दहा वर्षे दूर होता.

ही बुरशी ओल्या गवतात, पालापाचोळ्यात, जुन्या भिंतींवर असते. तिचे बीजाणू आपण सारेच श्वासाबरोबर घेतो आणि धडधाकट फुप्फुस ते बाहेर टाकते. पण क्षयाने फुप्फुसात पोकळी पाडली असेल, तर तिथे ती ठाण मांडते. ब्रिटनमध्ये क्षयानंतर अशी पोकळी उरलेल्या ५४४ जणांची पाहणी झाली. १९६८ च्या अहवालानुसार सुमारे एक चतुर्थांश जणांच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली. क्षयाचे एवढे मोठे ओझे वाहणाऱ्या आपल्या देशात याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

माझ्या मावशीला तरुणपणी क्षय झाला होता. तो बरा झाला, पण पुढे वयाच्या साठीत ही बुरशी निघाली. गोळ्यांचा कोर्स संपला, वजन वाढले, घरात आनंद झाला. काही महिन्यांनी ती म्हणाली, “पूल चढताना आता दोनदा थांबते रे.” नालासोपारा स्टेशनचा पूल. डॉक्टरांनी फिल्म पाहिली आणि सांगितले, “जुनेच डाग आहेत, वयाचा दम आहे.” पुढे थुंकीत रक्त आले, तेव्हा आजार उलटल्याचे निदान झाले. पुलाची साक्ष आधीच झाली होती, पण ती कुणी नोंदवली नव्हती.

अशी साक्ष नोंदवण्याची पद्धत मात्र तेव्हाही अस्तित्वात होती. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधील पॉल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली श्वसनरुग्णांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ५० प्रश्न आहेत आणि त्यांचे तीन भाग: लक्षणे, हालचाल आणि आजाराचा जगण्यावरचा परिणाम. अंघोळीला, कपडे घालायला, जिना चढायला किती त्रास होतो, असे ते प्रश्न. कोणत्या उत्तराला किती वजन द्यायचे, हेही रुग्णांनाच विचारून ठरवले गेले. गुण शून्य ते शंभर. जितके जास्त, तितकी प्रकृती वाईट. चार गुणांचा फरक अर्थपूर्ण मानतात. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ती या बुरशीच्या रुग्णांवर पडताळली आणि ती उपयोगी ठरली.

याची गरज का, ते चंडीगडच्या पीजीआय संस्थेतील १६४ रुग्णांच्या चाचणीतून कळते. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. इट्राकोनाझोल सहा महिने घेतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांचा आजार दोन वर्षांच्या आत उलटला. बारा महिने घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांचा. म्हणजे औषध थांबल्यावरचा काळच जोखमीचा. क्ष-किरण चित्रात जुने व्रण आणि नवा आजार वेगळा करणे अवघड असते, रक्तातली प्रतिद्रव्येही सावकाश बदलतात. प्रश्नावलीला मात्र कागद आणि पेन्सिल पुरते.

अर्थात वाढलेले गुण म्हणजे निदान नव्हे. धाप रक्तक्षयाने लागते, हृदयविकाराने लागते, क्षय परतल्यानेही लागते. गुण फक्त सांगतात की आता थुंकी, रक्त, स्कॅन तपासा. शिवाय प्रश्न रुग्णाच्या बोलीत हवा. सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आजीला पुस्तकी शब्दांत ‘श्वसनास त्रास होतो का’ विचारले, तर ती ‘नाही’ म्हणेल. पाण्याची कळशी घेऊन ओटा चढताना किती वेळा टेकते ते विचारले, तर बरोबर सांगेल.

मावशी आता नाही. तिच्या औषधांच्या फाइलमध्ये फिल्म आहेत, रक्ताचे अहवाल आहेत, बिले आहेत. पुलावर ती किती वेळा थांबली, एवढेच त्यात कुठे लिहिलेले नाही.