ऑफलाइन वेबची कुळकथा

इंटरनेट बंद असतानाही ब्राउझरमधला मजकूर वाचण्या-लिहिण्याची सोय प्रथम गिअर्स या प्लगइनमुळे सर्वांपर्यंत पोचू लागली. तिचा लवकर आणि नेटाने उपयोग करणाऱ्यांत अ‍ॅडव्हेंटनेट ही कंपनी होती. तिचे बहुतेक अभियंते चेन्नईत काम करीत. 2009 मध्ये ती झोहो कॉर्पोरेशन झाली.

कंपनीने 2005 मध्ये झोहो रायटर आणले. पत्रे, अहवाल ब्राउझरमध्येच लिहायचे आणि ते साठायचे दूरच्या सर्व्हरवर. नेट गेले की काम थांबे. 31 मे 2007 रोजी गूगलने गिअर्स प्रसिद्ध केले. फायरफॉक्स किंवा इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ते वेगळे बसवावे लागे. मग पानांची प्रत संगणकावरच राही, नोंदी एस्क्यूलाइट डेटाबेसमध्ये साठत आणि जड कामे पडद्यामागे चालत. ऑगस्टमध्ये झोहो रायटरमधले लेखन त्याच्या बळावर नेटशिवाय वाचता येऊ लागले, नोव्हेंबरमध्ये दुरुस्तही करता येऊ लागले. खुद्द गूगल डॉक्सला ही सोय मिळाली ती 2008 मध्ये. गिअर्स मुक्तस्रोत होते, कोणालाही वापरता येत होते, हे श्रेय गूगलला द्यायलाच हवे.

तरीही प्लगइन प्रत्येकाने बसवून घ्यावे लागे, आणि कार्यालयातल्या संगणकावर तशी मुभा अनेकांना नसते. म्हणून हेच गुण एचटीएमएल5 च्या काळात खुल्या मानकांत उतरवण्याचे काम सुरू झाले. पडद्यामागच्या कामांसाठी वेब वर्कर्स आले आणि टिकले. डेटाबेसचे मात्र अडले. वेब एस्क्यूएल हा प्रस्ताव राबवणारे सगळेच एस्क्यूलाइटवर विसंबून होते. मानक ठरायला एकमेकांपासून स्वतंत्र अशा किमान दोन अंमलबजावण्या लागतात; त्या नसल्याने वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू3सी या संस्थेने नोव्हेंबर 2010 मध्ये ते काम थांबवले. हा काटेकोरपणा योग्यच होता, नाहीतर एका प्रोग्रॅमच्या लहरी साऱ्या वेबचे नियम होऊन बसल्या असत्या. त्याऐवजी इंडेक्स्ड डीबी घडले आणि जानेवारी 2015 मध्ये त्याला डब्ल्यू3सीची मान्यता मिळाली.

पाने साठवणारे अ‍ॅप्लिकेशन कॅशही फसले. त्यातली जुनी पाने हटता हटत नसत. त्याची जागा सर्व्हिस वर्करने घेतली. कोणती विनंती साठ्यातून पुरवायची आणि कोणती नेटवर पाठवायची, हे त्यात संकेतस्थळाचा प्रोग्रॅमच ठरवतो.

गिअर्स 2011 मध्ये क्रोममधूनही काढले गेले. सफारी आणि एज यांनी 2018 मध्ये सर्व्हिस वर्कर स्वीकारले, आणि सर्व प्रमुख ब्राउझरांत ही सोय प्लगइनशिवाय मिळू लागली.