पंपाच्या तारेवरून आलेली करवत

बारामतीहून इंदापूरकडे निघालं की भवानीनगर, बेलवाडी आणि मग लासुर्णे. तुकोबांच्या पालखीची ही वाट. आज दोन्ही अंगांना ऊस दिसतो, पण हा मूळचा दुष्काळी टापू. 1880 च्या दशकात भाटघरचं पाणी नीरा डाव्या कालव्यातून इकडे आलं आणि शेतीचं रूप पालटलं. 1930 च्या दशकात शेजारच्या कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना उभा राहिला. ऊस गाळायचा तर तो आधी गव्हाणीपर्यंत पोचायला हवा. म्हणजे बैलगाड्या हव्यात, आणि गाड्यांसाठी बाभळीचं लाकूड.

चाकातला तुंबा, आरे, पुठ्ठे सगळं सुताराच्या हातचं. वर लोखंडी धाव तेवढी लोहाराची. ओंडका फाडायला दोन माणसं लागत. ओंडका उंच घोडीवर चढवायचा, सूत मारून रेघ उमटवायची. एक गडी वर उभा राहून करवत ओढी, दुसरा खालून. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. वाळलेली बाभूळ दगडासारखी कठीण, म्हणून ती ओली असतानाच फाडून घेत. काम कंटाळवाणं, मजुरी बेताची. पण त्या करवतीत एक गुण होता. ती अडकली की थांबायची. तिच्यात माणसाच्या दंडाइतकाच जोर होता.

20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत विजेचे खांब शिवारात पोचले. खरी ओढ होती ती विहिरीवरच्या पंपाची. मोट सुटली, इंजिनांची फकफक थांबली. त्याच थ्री-फेज तारा रस्त्याकडेच्या सुतारशाळांत शिरल्या. मोटार तीच, स्टार्टर तोच, पट्टाही तसाच. फक्त पंपाच्या जागी दातेरी चकती आली आणि ‘कटर’ म्हणून गावात रुळली.

हातात धरायच्या विजेच्या करवतीचा जन्मही उसाशी जोडला जातो, हा योगायोग मजेशीर आहे. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लुइझियानाच्या फडात कोयत्याने चाललेली तोडणी पाहून एडमंड मिशेल याने कोयत्यालाच मोटार जोडून पाहिली. त्या खटपटीत त्याचं एक बोट गेलं, असं सांगतात. कोयता बाजूला पडला, गोल पातं आलं आणि 1924 मध्ये जोसेफ सलिव्हन याच्या भागीदारीत शिकागोत कंपनी निघाली. तीच पुढे ‘स्किलसॉ’ म्हणून नावारूपाला आली. फडातला कोयता मात्र आमच्याकडे अजून हातानेच चालतो.

कटरबरोबर वेगही आला. मिनिटाला 2,880 फेरे घेणाऱ्या मोटारीवर 10 इंची पातं थेट बसवलं, तर त्याचे दात ताशी जवळपास 138 किलोमीटर वेगाने धावतात. हे पातं लाकडात अडकलं की थांबत नाही. चीर मिटून पात्याला आवळते आणि फळी उलट कापणाऱ्याच्या अंगावर येते. त्यासाठी पात्यामागे एक उभी पोलादी पट्टी लावतात; ती चीर उघडी धरते. अनेक दुकानांत हीच पट्टी ‘मध्ये येते’ म्हणून काढून ठेवलेली असते.

पण या टापूतला खास धोका पंपाच्या सवयींतून आला आहे. शेतातली लाइट रात्री-अपरात्री येते, म्हणून शेतकरी मोटारीला ‘ऑटो’ बसवतो. लाइट आली की पंप आपोआप सुरू. विहिरीवर ही सोय. कटरवर ती घात करते. लाइट गेली म्हणून कुणी पात्यातला भुसा बोटाने काढायला बसावं आणि तेवढ्यात वीज यावी! चांगल्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती संपर्क सोडते आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत मोटार हलत नाही. ही कॉइल जळाली की दुरुस्त करण्याऐवजी काडी खोचून काम भागवण्याचा जुगाड पंपावर शिकलेला हात कटरवरही करतो. डीपीवर दुरुस्ती होऊन दोन फेज अदलाबदल झाले, तर पंप उलटा फिरतो आणि पाणी नीट चढत नाही, एवढंच. कटर उलटा फिरला तर पातं धरणारा नट सैल होऊ लागतो, कारण त्याचे आटे सुलट्या फेऱ्याने घट्ट होतील असेच पाडलेले असतात.

कायद्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने फिरत्या यंत्राला आवरण सक्तीचं केलं आणि 1963 च्या महाराष्ट्र कारखाने नियमांनी लाकूडकामाच्या यंत्रांचा वेगळा विचार केला. मात्र हा कायदा वीज वापरणाऱ्या 10 किंवा अधिक कामगारांच्या जागेसाठी होता. दोन-तीन माणसांची सुतारशाळा त्यातून सुटली. पुढे जंगलतोडीबाबतच्या गोदावर्मन खटल्यात 4 मार्च 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि विनापरवाना लाकूड गिरण्यांवर टाच आली. ती काळजी जंगलाची होती, बोटांची नव्हे.

मधल्या काळात टायरगाडी आली आणि लाकडी चाक मागे पडलं. आता काम चौकटी, प्लाय आणि फर्निचरचं. गिरणीत रस्त्याकडेच्या झाडाचा ओंडका आला, तर जाणता माणूस आधी पाटीसाठी ठोकलेले खिळे शोधतो. एक खिळा पात्याचे दात उडवायला पुरे. पातं बोथट झालं की माणूस जास्त रेटतो, आणि हात घसरतो तो नेमका तेव्हाच.

मिस्त्रीच्या पिशवीत आता चार इंची ‘मार्बल कटर’ असतो. फरशीसाठी बनवलेल्या या यंत्राला लाकडाचं पातं लावतात, कधी प्लायच्या टेबलाखाली उलटं जखडतात. लाकडाच्या करवतीला असतं तसं आपोआप मिटणारं खालचं आवरण त्याला सहसा नसतं. बऱ्याच यंत्रांचं बटण लॉक होतं. लाइट गेली तरी ते दाबलेलंच राहतं. म्हणून काही मिस्त्री वीज जाताच पहिल्यांदा पिन उपसतात, पातं बदलताना तर हमखास, आणि मग चहाला जातात.