खर्च-कार्यक्षमता, मका शेतीतील स्त्री-पुरुष फरक

ठरावीक उत्पादन काढण्यासाठी लागणारा किमान संभाव्य खर्च आणि प्रत्यक्ष झालेला खर्च यांचे गुणोत्तर म्हणजे खर्च-कार्यक्षमता. ते ०.८० आले, तर २० टक्के खर्च टाळता आला असता, असा अर्थ होतो. ही संकल्पना एम. जे. फॅरेल यांनी १९५७ मध्ये मांडली. तिचे दोन घटक आहेत : तांत्रिक कार्यक्षमता, म्हणजे आहे त्या निविष्ठांतून जास्तीत जास्त उत्पादन काढणे, आणि बाजारभाव पाहून निविष्ठांचे योग्य प्रमाण राखणे.

महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर, जालना, नाशिक, जळगाव, धुळे या जिल्ह्यांतील अल्पभूधारक मोठ्या प्रमाणावर मका घेतात. टोकण, निंदणी, कणसे खुडणे ही कामे मुख्यतः बायकांची. नांगरट, फवारणी आणि बाजार पुरुषांकडे. त्यामुळे घरात कर्ता पुरुष नसलेल्या बाईला औत किंवा ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा लागतो, तोही इतरांची वाफशावरची कामे उरकल्यावर मिळतो. पेरणी लांबते, उतारा घटतो आणि क्विंटलमागे खर्च वाढतो. २०१८ पासून पसरलेल्या अमेरिकन लष्करी अळीने फवारणीच्या रोख खर्चाची त्यात भर घातली.

खर्च कसा मोजला, यावर निष्कर्ष बराच अवलंबून असतो, आणि येथेच अनेक तुलना फसव्या ठरतात. कृषी मूल्य आयोगाच्या ‘ए-२’ खर्चात घरच्या माणसांचे श्रम धरलेले नसतात. ‘ए-२ अधिक एफ-एल’मध्ये ते येतात. पुरुषाच्या नावच्या शेतात पत्नीने केलेली निंदणी पहिल्या हिशेबात फुकट ठरते. स्त्रीने भाड्याने घेतलेला नांगर मात्र पुरता मोजला जातो.

सातबाऱ्यावर बाईचे नाव नसले, की पीककर्ज मिळणे अवघड होते. मग दुकानातून खत उधारीवर, चढ्या दराने घ्यावे लागते. पत्नीच्या नावे जमीन करून देण्याची शेतकरी संघटनेची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम आणि मुलींना समान वाटा देणारी १९९४ मधील राज्याची वारसा कायद्यातील दुरुस्ती या अडचणीच्या मुळाशी जाणाऱ्या होत्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील सुमारे १४ टक्के वहितीधारणाच स्त्रियांच्या नावे होत्या.

आफ्रिकेत काही भागांत पती-पत्नींचे तुकडे वेगळे असल्याने तुलना सोपी जाते. मुख्यतः मका पिकवणाऱ्या मलावीत स्त्रियांच्या तुकड्यांची उत्पादकता सरासरी २५ टक्के कमी आढळली. तफावतीचा बहुतांश भाग श्रम व निविष्ठांच्या कमतरतेने स्पष्ट झाला. महाराष्ट्रात जमीन एकत्र कसली जाते. त्यामुळे तुलनेत ‘स्त्री शेतकरी’ म्हणून प्रामुख्याने विधवा, परित्यक्ता आणि स्थलांतरितांच्या पत्नीच येतात, म्हणजे लिंगाइतकाच एकटेपणाही मोजला जातो.