समभाग अनुदान (शेतकरी उत्पादक कंपनी)

शेतकऱ्यांनी भागभांडवल घालून काढलेल्या कंपनीला सरकारकडून मिळणारी जोडरक्कम. वाय. के. अलघ समितीच्या शिफारशींवरून कंपनी कायद्यात 2002 साली दुरुस्ती झाली आणि किमान दहा उत्पादकांना अशी कंपनी स्थापता येऊ लागली. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच.

‘दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना’ या 2020 च्या केंद्रीय योजनेत सभासदाने घातलेल्या रकमेइतकीच रक्कम, माणशी 2,000 रुपयांपर्यंत व कंपनीला कमाल 15 लाख, अनुदान म्हणून मिळते. त्याचे भाग सभासदांच्याच नावे निघतात. त्यामुळे मालकी शेतकऱ्यांबाहेर जात नाही. खरे मर्म येथेच आहे.

अशा भांडवलाचा उपयोग सोयाबीनच्या खरेदीत दिसतो. व्यापारी मूठभर दाणे चोळून ‘ओल आहे’ म्हणतो आणि क्विंटलमागे वजन कापतो. घरी देणे थकलेला शेतकरी पोते परत नेत नाही. कंपनीकडे स्वतःचा आर्द्रतामापक, चाळणी यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक काटा असला की ओलावा किती टक्के ते आकड्यात दिसते, माल स्वच्छ करून थेट तेलगिरणीला देता येतो.

खेळते भांडवल ही मात्र मोठी अडचण. हंगामात रोख चुकारा देता आला नाही, तर सभासदही पुन्हा आडत्याकडेच वळतो. केवळ अनुदानासाठी नोंदलेल्या, फलकापुरत्या कंपन्याही आहेत. नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’सारखी निर्यातीपर्यंत पोहोचलेली उदाहरणे अपवादात्मकच.